वर्धा, वीर्य आणि २७१

गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या फॉर्मवर एक नवीन चौकोन दिसला: 'मेन्स वेलनेस'. थोडे पैसे जास्त, टेस्टोस्टेरॉनची तपासणी मोफतासारखी. टिक केलं. दोन दिवसांनी पीडीएफ आली. कोलेस्टेरॉल ठीक, साखर ठीक, बी-१२ नेहमीप्रमाणे गाळात (आयटीतला कुणाचं वर असतं?), आणि शेवटच्या पानावर लाल अक्षरात २७१, शेजारी खाली तोंड केलेला बाण. एकक नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर.

मी ३४ वर्षांचा. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली गेली दीड वर्षं मूल हवंय आणि होत नाहीये. घरात यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. आईचे फोनवरचे 'बाकी सगळं ठीक ना?' वाढलेत इतकंच. अशा वेळी लाल बाण बघून काय वाटतं ते वेगळं सांगत नाही. पीडीएफ मी बायकोला लगेच दाखवली नाही, फोनमध्ये लपवून ठेवली. शाळेचं प्रगतिपुस्तक लपवल्यावर पंचवीस वर्षांनी पहिल्यांदाच!

मग जे सगळे करतात तेच केलं. जिममधल्या एकाने 'टीआरटी घे, लाइफ बदलते' असं सांगितलं. एका ऑनलाइन क्लिनिकच्या डॉक्टरांशी दहा मिनिटांची व्हिडिओ कन्सल्टेशन झाली. त्यांनी रिपोर्ट पाहिला, 'थकवा येतो का?' विचारलं (सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न विचारावा?) आणि टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला. इंजेक्शन कधीपासून, पैसे कसे भरायचे, सगळं सांगितलं. मूल हवंय का, हे मात्र विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. 'मर्दानगी'चं इंजेक्शन आहे, त्याने मूल व्हायला मदतच होणार, हे मी गृहीत धरलं होतं.

सुदैवाने मध्ये दिवाळी आली आणि मी महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्याला, घरी गेलो.

वर्ध्याजवळ गाडी आली की मला लहानपणच्या भिंती आठवतात. रुळांच्या कडेने पांढऱ्या चुन्यावर निळ्या-लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं: गुप्तरोग, कमजोरी, बचपन की गलतियाँ, अमुक दवाखाना, दर मंगळवारी अमुक लॉजवर भेटा. आम्ही पोरं ते मोठ्याने वाचायचो आणि अर्थ विचारला की मोठी माणसं खिडकीबाहेर बघायची. त्या भिंतींमागचा हिशेब आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यात शेवटी शुक्र. आयुर्वेदातले हे सात धातू. त्यावर लोकांनी चढवलेलं गणित म्हणजे रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब. म्हणून थेंब गेला की माणूस रिकामा होतो. या भीतीने खंगलेले तरुण इतके होते की १९६० साली डॉ. नरेंद्र विग यांनी या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं.

या विषयाचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा कळलं की तो माझ्या गावातूनच जातो. आणि तोही नेमका कधी? ज्या वर्षी टेस्टोस्टेरॉन सापडलं त्याच वर्षी.

थोडं मागून सांगतो. १८४९ साली जर्मनीत, गटिंगनला, आर्नोल्ड बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढले की कोंबडा आरवत नाही, भांडत नाही, तुरा सुकतो. हे खेड्यापाड्यात कुणालाही ठाऊक होतं. बर्थोल्डने काढलेले वृषण पोटात दुसऱ्याच जागी बसवून दिले, जुन्या नसा वगैरे काही न जोडता. कोंबडे पुन्हा आरवायला लागले! म्हणजे जे काही काम करत होतं ते रक्तातून जात होतं. कोंबड्याच्या आरवण्यातून हॉर्मोनची कल्पना निघाली, पण पुढची चाळीस वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

१८८९ मध्ये पॅरिसला ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत जाहीर केलं की आपण पुन्हा तरुण झालो. जिने भराभर चढतो, रात्री काम करतो, इतकंच काय, लघवीची धारही लांब जाते (हे त्यांनी मोजलं होतं!). युरोप-अमेरिकेत त्या अर्काचा धंदा सुरू झाला. गंमत अशी की वृषण हे हॉर्मोन साठवून ठेवतच नाहीत आणि ते पाण्यात जवळपास विरघळतही नाही. त्या पाण्याच्या अर्कात काही नव्हतं. जे होतं ते म्हाताऱ्याच्या मनात.

त्यानंतर व्हिएन्नात युजेन श्टायनाख आले. त्यांचं म्हणणं, वीर्यवाहिनी बांधून टाकली की बाहेर जाणारी शक्ती आत वळते आणि पुरुष तरुण होतो. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली आणि कवी येट्स यांनी १९३४ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली. आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय? आपण जिला नसबंदी म्हणतो, जवळपास तीच!

इथे मला माझे आजोबा आठवले. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, त्यांची नसबंदी झाली. त्यानंतर मरेपर्यंत कंबर दुखली, नांगर जड वाटला, राग आला, काहीही झालं की ते म्हणायचे, 'त्या ऑपरेशननं माह्यातलं पाणी काढून घेतलं बाप्पा.' व्हिएन्नात ज्या कापाने माणसं तरुण होत होती त्याच कापाने आमच्या गावात ती म्हातारी होत होती. दोन्हीकडचे अनुभव खरे होते, कारणं दोन्हीकडे चुकीची. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही. वृषणातल्या लायडिग पेशी ते तयार करतात आणि थेट रक्तात सोडतात. नळी बांधा, उघडी ठेवा, रक्तातल्या पातळीला त्याचं सोयरसुतक नसतं.

खरा पदार्थ हाती यायला १९३० चं दशक लागलं. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांची सुमारे १५ हजार लिटर लघवी आटवून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवलं. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून मूळ हॉर्मोन वेगळं केलं आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि स्वित्झर्लंडमधले रुझिच्का यांनी, वेगवेगळे, ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवलं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं.

आता १९३५ चं वर्धा बघा. गांधीजी तेव्हा जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यात राहत होते. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते ३० एप्रिल १९३६ ला गेले. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर खास त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या. मुलं कमी हवीत यावर दोघांचं एकमत, मार्गावर मात्र नाही. सँगर यांना साधनं हवी होती, गांधीजींना संयम. त्यामागे नुसती नीती नव्हती, शरीराबद्दलची एक समजूतही होती: वीर्य ही साठवण्याची शक्ती आहे, ती जपली तर माणूस निरोगी, तेजस्वी आणि सेवेला समर्थ होतो. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी ब्रह्मचर्याला मोठी जागा दिली.

सँगर येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत गांधीजींचा रक्तदाब वाढला आणि मुंबईत सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. तिथे त्यांना कामवासनेचा असा अनुभव आला की ते हादरले, आणि त्याबद्दल त्यांनी १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं. पुन्हा १४ एप्रिल १९३८ ला वीर्यस्खलन झालं. वय ६८. त्यांनी सहकाऱ्यांना पत्रं लिहून सांगितलं. बरोबर दोन आठवड्यांनी मुंबईत जीनांशी भेट ठरलेली होती, आणि त्याआधीच्या जाहीर निवेदनात आपला आत्मविश्वास गेल्यासारखा वाटतो असं त्यांनी म्हटलं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. हसण्यासारखं यात काही नाही. मी एक पीडीएफ बायकोपासून लपवली होती आणि हा माणूस देशापुढे हे मांडत होता. पण दुसरीही गोष्ट लक्षात आली. आजच्या डॉक्टरला टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचा संशय आला तर तो काय विचारतो? इच्छा कमी झाली का, सकाळी ताठरता येते का, संबंधांत अडचण आहे का. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांमध्ये नेमकी हीच तीन लक्षणं रक्तातल्या पातळीशी जुळली. तिन्ही लक्षणं आणि कमी पातळी असे दोन्ही असलेले पुरुष निघाले फक्त २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ६८ व्या वर्षी ज्या गोष्टीने गांधीजींना अपराधी वाटलं ती आजच्या दवाखान्यात शरीर चालू असल्याची खूण धरली असती. शरीर तेच, भीती फक्त उलटी झाली. तेव्हा 'गेलं' म्हणून भीती, आता 'येत नाही' म्हणून.

त्याच काळात मराठीत याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक, १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढत होते. हस्तमैथुनाने माणूस खंगत नाही हे ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सरळ लिहायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. मासिक कर्वे वारले तेव्हाच, १९५३ मध्ये, थांबलं. आज शरीरशास्त्राने निकाल द्यायचा तर या मुद्द्यावर कर्व्यांचं पूर्ण बरोबर होतं.

पण कर्व्यांकडेही मोजायला काही नव्हतं. पाच लिटर रक्त, ५०० ची पातळी धरली तर सगळ्या शरीरातल्या रक्तात मिळून टेस्टोस्टेरॉन किती? २५ मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याहून कितीतरी कमी. हे मोजायचं कसं? न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या सरकारी हॉस्पिटलात रोझलिन यालो (मूळच्या भौतिकशास्त्राच्या) आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत काढली. प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खुणेचा पदार्थ वापरून रक्तातलं इन्सुलिन मोजायचं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स! १९७० च्या सुमारास हीच पद्धत टेस्टोस्टेरॉनला लागू झाली. १९७७ चं नोबेल यालोंना मिळालं, बर्सन त्याआधीच गेले होते.

आकडा आला आणि आकड्यामागे बाजार आला. अमेरिकेत २००१ ते २०११ या दहा वर्षांत चाळिशीपुढच्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं प्रमाण ०.८१ टक्क्यांवरून २.९१ टक्क्यांवर गेलं, तिपटीहून जास्त. आणि त्यातल्या सुमारे चारांतल्या एकाची आधीच्या वर्षभरात रक्ततपासणीसुद्धा झाली नव्हती. म्हणजे रुळाकडेच्या भिंतीच, फक्त चकचकीत.

आता परत माझ्याकडे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबांचे मित्र, आमचे डॉक्टरकाका, फराळाला आले. आयुष्यभर जिल्ह्यात फिजिशियन, आता निवृत्त. बाबा उठून आत गेल्यावर मी हळूच फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून रिपोर्ट बघितला.

"काहून रे, रक्त किती वाजता दिलं होतं?"

"दुपारी तीनला. मीटिंग होत्या सकाळी."

"जेवून?"

"हो. बिर्याणी होती ऑफिसात."

"आदल्या रात्री झोपला किती?"

"रिलीज होतं काका. तीन तास असेल."

ते हसले. "मग हा आकडा तुझ्या रिलीजचा आहे बाबू." मग एकदम गंभीर झाले. "इंजेक्शन घेतलं तर नाहीस ना? लेकरू पाहिजे ना तुम्हाला?"

त्यांनी समजावलं ते असं. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं, दुपारी उतरतं. खाल्ल्यावर उतरतं. झोप कमी झाली की उतरतं: २०११ च्या एका छोट्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. म्हणून नियम असा की उपाशीपोटी, सकाळी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घ्यायचं. दोन्ही वेळा कमी आलं आणि लक्षणंही असली तरच पुढे जायचं. मग एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन बघून बिघाड वृषणात आहे की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत, हे शोधायचं.

आणि इंजेक्शन? इथे माझ्यातल्या इंजिनिअरचे डोळे उघडले. मेंदू रक्तातली पातळी सतत वाचत असतो. कमी वाटली की पिट्यूटरीतून एलएच आणि एफएसएच सोडतो, त्यांच्या हुकमाने वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. चक्क फीडबॅक लूप! बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो आतला कारखाना बंद करतो. शुक्राणू घटतात, कित्येकांचे शून्यावर जातात. हा परिणाम इतका खात्रीचा की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची चाचणी पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून घेतली होती. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मूल हवं म्हणून मी जे घ्यायला निघालो होतो ते सँगरबाईंच्या पेटीत शोभलं असतं. औषध थांबवलं की शुक्राणू बहुधा परततात, पण महिने जातात, कधी वर्षही. दीड वर्ष वाट बघितलेल्या जोडप्याला ते परवडणार होतं का?

मला वाटतं, चाळीस थेंबांपासून २७१ पर्यंत आपली चूक एकच आहे. आपण पुरुषपणाला टाकी समजतो. जुन्या लोकांना टाकी गळू द्यायची नव्हती, आम्हाला ती बाहेरून भरून हवीय. शरीरात टाकी नाहीच, चालू लूप आहे, आणि दुपारी तीनला त्यातला एक आकडा टिपून माणसाची किंमत ठरत नाही.

याचा अर्थ ही तपासणी फालतू आहे असा अजिबात नाही. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेले पुरुष, गालगुंडानंतर वृषण खराब झालेले, पिट्यूटरीत गाठ असलेले, केमोथेरपीतून गेलेले: यांना टेस्टोस्टेरॉनने आयुष्य परत मिळतं. लाजेपायी तपासणीलाच न गेलेले असे कितीतरी असतील आणि भिंतीवरच्या दवाखान्यांनी त्यांचीच वर्षं खाल्ली. धोक्यांचं म्हणाल तर २०२३ मध्ये सुमारे ५,२०० पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराचा धोका असलेल्या आणि पातळी खरोखर कमी असलेल्या या पुरुषांत उपचाराने हार्ट अटॅक वाढले नाहीत. पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरच्या नजरेखाली घ्यावं, बाकीच्यांनी उगाच हौस करू नये.

पुण्याला परतण्याआधी एका सकाळी सेवाग्रामला जाऊन आलो. बापूकुटीत पाच मिनिटं टेकलो. शेजारीच कस्तुरबा हॉस्पिटल आणि १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी उभं केलेलं मेडिकल कॉलेज. त्याच सुशीलाबेन, ज्या गांधीजींचा रक्तदाब मोजायच्या. १९४० च्या फेब्रुवारीत तो २२०/११० होता, अशी नोंद आहे. कुटी आणि हॉस्पिटल यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर. ओपीडीच्या रांगेत बरीच जोडपी बसली होती. कोण कशासाठी आलंय कळत नव्हतं, पण नवरे बायकांशेजारी बसले होते, भिंतीकडे तोंड करून नाही. बरं वाटलं.

परतीच्या गाडीत बायकोला पीडीएफ दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू फोन चार्जिंगला लावून झोपतोस." (पासवर्ड बदलायला हवा.) मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझे रिपोर्ट मी दीड वर्षं एकटीच करतेय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुण्यात सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, आठ तास झोपून, दोनदा रक्त दिलं. ४५८ आणि ४९२. लाल बाण गायब. वीर्यतपासणीही केली, जी खरं तर पहिल्याच महिन्यात करायला हवी होती. त्यात शुक्राणूंची हालचाल थोडी कमी निघाली. त्यावर काम चालू आहे. मूल होईल का, माहीत नाही. पुढची अपॉइंटमेंट दोघांची एकत्र आहे आणि त्या दिवशी मी रिलीज ठेवलेलं नाही.

असो. तुमच्या ऑफिसच्या फॉर्मवरही तो चौकोन असेल तर टिक करण्याआधी एवढंच बघा: सकाळ आहे का, पोट रिकामं आहे का, रात्री झोपलात का. आणि रिपोर्ट आला की लपवू नका.